४० मिनिटं की १ तास १० मिनिटं?

शिंदे काकू (बी-४०२): नमस्कार. धाकटीची दुबईची फ्लाइट मुंबईहून शुक्रवारी दुपारी ४ ला आहे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून दुपारी १२ चं विमान काढलंय. ॲपवर १ तास १० मिनिटं दाखवतंय, दुसऱ्या एका साइटवर ४० मिनिटं. खरं काय धरायचं? हे सकाळपासून डोकं धरून बसलेत.

पाटील सर (चेअरमन): वहिनी, कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर साधारण ३१० किमी. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० किमीच्या आसपास. म्हणजे ३७ मिनिटं. साधं गणित आहे.

देसाई (ए-३०१): सर, हायवेनं तर ३७५ च्या वर पडतंय.

पाटील सर: विमानाला पुण्यावरनं जायचं नसतं देसाई.

जाधव काका: तिकिटावरची वेळ धरा.

ओंकार (सी-२०३): सरांच्या गणितात विमान स्टँडवरनंच ५०० नं सुटतंय 😂 नाद खुळा

कुलकर्णी (ए-१०२): ओंकार चेष्टेत बोलला पण मुद्दा तोच आहे. साइटवाले नकाशावर सरळ रेघ मारून वेगाने भागतात. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते, ते मुंबईत जागेवर उभं राहिलं की संपते. चढताना-उतरताना वेग कमी असतो. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. गर्दी असली की वर घिरट्या.

पाटील सर: मी फक्त अंतर सांगितलं. साधारण ३१० किमी.

देसाई: गणपतीच्या वर्गणीचा हिशोबपण "साधारण"च होता सर 🙏

पाटील सर: हिशोब बोर्डावर लावलाय. वाचायचे कष्ट घ्यावेत.

माने वहिनी: बी विंगच्या पांढऱ्या गाडीवाल्यांनी कृपया माझी जागा मोकळी करावी. तिसऱ्यांदा सांगतेय.

जाधव काका: तिकिटावरची वेळ धरा.

ओंकार: काका कळलं 😄

भोसले आबा: आपलं विमानतळ १९३९ चं, राजाराम महाराजांच्या काळातलं. नवीन पोरांना म्हाईत नसंल.

कुलकर्णी: आबा, बरोबर. पण काकूंची अडचण वेगळीच आहे. काकू, दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर आहेत का?

शिंदे काकू: नाही, वेगवेगळी काढलीत. स्वस्त पडली.

कुलकर्णी: मग ३७ मिनिटं असोत नाहीतर ७०, सामान मुंबईत उतरवून घ्यायचं आणि पुन्हा नव्यानं चेक-इन. आंतरराष्ट्रीयला ३ तास आधी या म्हणतात, काउंटर साधारण १ तास आधी बंद होतो. तुम्ही सगळं वेळेवर झालं तरी १:१० ला उतरणार. टर्मिनल १ ला उतरवलं तर २ ला गाडीनं जायचं, दोन्हीची दारं वेगळ्या बाजूंना आहेत. आणि इथलं विमान उशिरा सुटलं तर दुबईवाले थांबायला बांधील नाहीत.

पाटील सर: "साधारण" १ तास? 🙂

देसाई: 😂😂

माने वहिनी: विमान राहू दे, गाडी कोण काढणार?

शिंदे काकू: कुलकर्णी, मग करू काय? त्या दिवशी दुसरं विमान नाही म्हणे.

कुलकर्णी: आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं बसवा, सकाळी मुंबईत. आरक्षण आज बघा, नाहीतर तत्काळ.

ओंकार: काकू, मी बघतो. आधार नंबर इथं नको, मला पर्सनलवर पाठवा.

शिंदे काकू: पाठवते बाळा. ह्यांना सांगितलं, जेवायला बसले.

जाधव काका: रेल्वेचीपण तिकिटावरची वेळ धरा.

माने वहिनी: शिंदे काकू, ती पांढरी गाडी तुमच्याच पाहुण्यांची आहे हो.