कवळी बसली तरी तोंडाची काळजी संपत नाही

म्हातारपणी तोंडाची काळजी कशी घ्यायची याची “माहिती भरपूर आहे, म्हातारी माणसंच वाचत नाहीत” असं काही जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. आईला कवळी मिळाली तेव्हा सोबत एक पत्रक होतं. अक्षर इतकं बारीक, की चष्मा लावूनही तिने डोळे बारीक केले आणि ते डबीखाली सरकवून दिलं. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, हे तिला कळलं ते टाळूला लाल चट्टे आल्यावर.

त्याहून कमी बोललं जातं ते तोंड कोरडं पडण्याबद्दल. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते. या वयात हिरड्या मागे सरकून उरलेल्या दातांची मुळं अनेकदा उघडी पडलेली असतात, त्यांना मग कीड झपाट्याने लागते. गोळ्या लिहून देतानाच हे सांगायला हवं! १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, अधूनमधून पाण्याचा घोट, एवढं तरी. (गोळ्या मनाने बंद करू नका.)

आणि हे सांगताना सांभाळणारं माणूस शेजारी असू द्या. हात थरथरत असतील, तर ब्रश शेवटी त्यालाच धरायचा असतो.