मदत हवी आहे : स्वमग्न मुलाचे बाबा अबोल झाले आहेत

नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून तो तीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमा, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी हे सगळे आता अंगवळणी पडले आहे. मला विचारायचे आहे ते त्याच्या बाबांविषयी.

गेल्या दिवाळीपासून ते कामावरून आले की लगेच वर येत नाहीत. खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर, डोक्यावरचे हेल्मेटही न काढता, अर्धा-अर्धा तास बसून राहतात. मला गॅलरीतून दिसते. मग वर येऊन मुलाला जेवू घालतात, थेरपिस्टने दिलेल्या वहीत सरावाच्या खुणा करतात, रात्री तीन वाजता तो उठून दिवे लावू-मालवू लागला की त्याच्यापाशी जाऊन बसतात. मुलाचे करण्यात ते कुठेही कमी पडत नाहीत, पण माझ्याशी फी आणि शाळेची रिक्षा यांपलीकडे बोलणे उरलेले नाही.

एकदाच म्हणाले, "हा अठरा वर्षांचा झाल्यावर..." आणि थांबले. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार अठरा वर्षांनंतर स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, ही माहिती मी उत्साहाने छापून आणली. त्यांनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला. मी फार घाई केली, त्यांचे ऐकून घ्यायला हवे होते, असे आता वाटते.

मला निदान शाळेच्या फाटकाशी थांबणाऱ्या आया तरी आहेत. आम्ही एकमेकींजवळ रडून घेतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावरही मी एकदा मराठीत मोकळेपणी बोलले. यांना सुचवले तर "मला काय झालंय?" एवढेच उत्तर आले.

अशा मुलांच्या वडिलांनी कृपया लिहावे : तुम्ही पहिल्यांदा कोणाजवळ आणि कशामुळे बोललात? घरच्यांनी काय केलेले नकोसे वाटले? नाशिकमध्ये फक्त वडील एकत्र जमतात असा एखादा गट आहे का? आणि दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचे झाल्यास त्या तासाभरासाठी मुलाला तुम्ही कोणाकडे ठेवता? आमच्याकडे सासूबाई आहेत, पण त्यांना आता तो आवरत नाही.