शताब्दीला स्मरणिका आधी की दप्तर आधी?

टिळकवाडीकर:
आपल्या बेळगावकडच्या वाचनालयांचं, नाट्यमंडळांचं अमृतमहोत्सवी किंवा शताब्दी वर्ष आलं की पहिली समिती नेमतात ती स्मरणिकेची. माझं मत असं की दप्तर, म्हणजे संस्थेचे जुने कागद आणि वह्या, लावून होईपर्यंत स्मरणिका छापूच नये. मागच्या स्मरणिकेतली चूक पुढच्या स्मरणिकेत जशीच्या तशी उतरते. सगळ्यात जास्त घोळ स्थापनेच्या तारखेचा. पहिली बैठक, संस्थेची घटना मंजूर झाली तो दिवस आणि नोंदणी या तीन वेगळ्या तारखा आहेत. जुन्या संस्थांची नोंदणी 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, नंतरच्यांची राज्याच्या 1960च्या कायद्याखाली, त्यामुळे नोंदणीचं वर्ष हे स्थापनेचं वर्ष धरता येत नाही. शिवाय इतिवृत्तात, म्हणजे बैठकांच्या नोंदवहीत, शालिवाहन शक असतो. शके 1846 दिसलं की सरसकट 78 मिळवून 1924 लिहितात. ठराव माघातला असेल तर तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून 79 मिळवायचे, वर्ष येतं 1925.

वडगावकर:
अजिबात पटलं नाही. दप्तर कपाटात आहे, ते उद्याही असेल. माणसं राहत नाहीत. प्रत्येक संस्थेत पन्नास-साठ सालचे नाटकांचे ग्रुप फोटो आहेत आणि मागे एकही नाव नाही. खुर्चीवर बसलेले अध्यक्ष ओळखू येतात. मागच्या रांगेतला पेटीवाला, रंगभूषाकार, पडदे ओढणारा कोण, हे सांगणारे एक-दोनच उरलेत. फोटोवर बटर पेपर ठेवा, डोक्यांच्या कडा मऊ पेन्सिलीनं हलक्या गिरवा, प्रत्येकाला आकडा द्या आणि नावं वेगळ्या कागदावर घ्या. फोटोच्या पाठीवर बॉलपेन चालवू नका, रेघ पुढे उमटते.
आणि स्मरणिका नसेल तर पैसा कुठून आणणार? 80 पानं म्हणजे 16 पानी पाच फर्मे (एका कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं), त्यांचा खर्च जाहिरातींतूनच निघतो. उरलेल्या पैशांतून तुमचं दप्तर लावा की!

टिळकवाडीकर:
फोटोंचं मान्य. पण कपाटातलं दप्तर उद्या असेल, हे बेळगावच्या पावसाळ्यात कुणी म्हणू नये. भिंतीला लागून ठेवलेल्या कपाटात जुलैत ओल धरते, कसर लागते. टाचण्या गंजून कागदाला चिकटतात आणि ओढल्या की तेवढा तुकडा हातात येतो. खालून प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून टाचणी सुटी करायची. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत ती पिवळी पडून डिंक अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा, मोरचूद न घालता.
बांधीव इतिवृत्तं सपाट स्कॅनरवर दाबू नका, शिवण सुटते. वरून कॅमेरा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड. अक्षरांना 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) पुरतं, फोटोंना 600. ए-फोर आकाराचं रंगीत पान 300 डीपीआयला टिफमध्ये, म्हणजे न दाबता साठवलेल्या फाइलमध्ये, साधारण 26 एमबी होतं, म्हणजे 200 पानी वही पाच जीबीच्या वर. दोन डिस्क घ्या आणि एक दुसऱ्या इमारतीत ठेवा.

शहापूरकर:
तुम्ही दोघंही बेळगाव एकच धरून चाललात. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. इथल्या जुन्या संस्थेच्या जागेचा किंवा देणगीचा हुकूम बेळगावच्या कलेक्टर कचेरीत शोधून कसा मिळेल? आधी सांगलीचं दप्तर पाहा. जुनी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, बहुधा मोडी लिपीत असते. वाचणारा मिळेपर्यंत ती ‘किरकोळ हिशेब’ म्हणून रद्दीत जाऊ देऊ नका. पडदा कुणी रंगवला, गॅसबत्त्यांचं भाडं किती दिलं, हे ठरावात कधीच येत नाही, किर्दीत येतं.

खानापूरकर:
किर्दीइतकाच दुर्लक्षित राहतो तो 1956 नंतरचा, बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यानंतरचा, कन्नड पत्रव्यवहार. अनुदानाचे अर्ज, परवानग्या, नोंदणी खात्याच्या नोटिसा आपण इतिहासात धरतच नाही. 1946च्या बेळगाव साहित्य संमेलनावर आणि संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावावर चार पानं, आणि पुढची कित्येक वर्षं संस्था कशी तगली यावर अर्धं पान! कन्नड वाचणारा एक माणूस समितीत हवाच.

वडगावकर:
कन्नड कागदांचं बरोबर आहे, घ्यायलाच हवेत. पण मोडी वाचणारा, कन्नड वाचणारा, कॅमेरा असं सगळं जुळवताना शताब्दी वर्ष संपून जाईल, आणि जाहिरातदार पुढच्या वर्षी पैसे देत नाहीत. स्मरणिका छापा, इतिवृत्तात जे अजून तपासलेलं नाही ते छापू नका, आणि स्थापनेच्या लेखाखाली तारीख कुठल्या वहीच्या कुठल्या पानावरून घेतली ते लिहा.

टिळकवाडीकर:
वही आणि पानाचा आकडा छापणार असाल तर निदान पहिल्या पाच वर्षांचं दप्तर तरी आधी लावून घ्या. त्याखाली मी यायला तयार नाही.