रेमिंग्टन ७०० रायफलवर नवीन बॅरल (नळी) टाकायचंय, स्कोप (दुर्बीण) बसवायच्या रिंगांचं पण सांगा

टेक्सासचा_पाहुणा:
नमस्कार मंडळी, मी ऑस्टिनजवळ राहतो. जुनी .३०८ काडतुसाची रेमिंग्टन ७०० घेतलीय, अ‍ॅक्शन (गोळी भरायची नि मारायची यंत्रणा) तीच ठेवून बाकी नवीन करायचंय, ६.५ क्रीडमूर काडतुसाची करावी म्हणतोय. रेंजवर ६०० यार्डापर्यंत कागद फोडायचे आणि सीझनला हरीण, एवढंच काम. बॅरल क्रीगर, बार्टलीन की शिलेन? नळीतल्या पिळदार खाचा कापून काढलेल्या (कट रायफलिंग) नि दाबून उठवलेल्या (बटन रायफलिंग) यांत खरंच फरक पडतो का? स्कोप घेऊन झालाय, ३० मिमी ट्यूब, ५० मिमी ऑब्जेक्टिव्ह (पुढची काच). रिंगा स्वस्तातल्या चालतील ना?

दादा_ह्यूस्टन:
.३०८ नि क्रीडमूरचा बोल्ट फेस (काडतुसाचं बूड टेकतं तो भाग) एकच, आखूड काडतुसांची शॉर्ट अ‍ॅक्शनपण तीच, त्यामुळे ती भानगड नाही. कट का बटन यावर लोक उगाच भांडतात, तिघांपैकी कुठलंही घे पण चेंबरिंग (बॅरलमध्ये काडतुसाची जागा कोरणं) करणारा गनस्मिथ चांगला बघ, हेडस्पेस (बोल्ट नि काडतूस यांतली फट) आणि थ्रोट (काडतुसापुढचा नळीचा भाग) वाकडंतिकडं झालं तर महागडं बॅरल घेऊन उपयोग शून्य. १४० ग्रेनच्या (सुमारे ९ ग्रॅम) लांब बुलेट मारणार तर ट्विस्ट (खाचांचा पीळ) १:८, म्हणजे ८ इंचांत एक फेरा, लांबी २४ इंच. हरणामागं चालायचंय ना, मग जाडजूड व्हार्मिंट काँटूर (बॅरलचा बाहेरचा आकार) नको, खांदा शिव्या देईल. आणि हो, क्रीडमूरचं थ्रोट .३०८ पेक्षा लवकर झिजतं, रेंजवर लय मारणार असशील तर .३०८ च राहू दे असं माझं मत.

निशाणी:
रिंगांत कंजुषी नको!! हजार डॉलरचा स्कोप आणि वीस डॉलरच्या रिंगा, असले लोक रेंजवर बघते मी, झिरो (जुळवलेला नेम) हलला की शिव्या स्कोपला. २० एमओए (कोनाचं माप) उताराची वन-पीस रेल (रिंगा बसवायची पट्टी) घे, लांब मारताना एलेव्हेशन (नेम वर घ्यायची सोय) शिल्लक राहतं. रिंगांच्या वरच्या कॅपचे स्क्रू टॉर्क रेंचनेच, साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, तरी कंपनीचा आकडा बघच. जास्त आवळलं की ट्यूबवर वळ उठतो.

कोल्हापुरी_२२:
आमच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही ओ, डायॉप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम). स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ काढलं ते तसंच. पण एक सांगतो, बॅरल कितीपण भारी असूदे, त्याला कुठली गोळी मानवते ते लॉट (कारखान्यातली खेप) बदलून बदलून बघायलाच लागतंय.

टेक्सासचा_पाहुणा:
मस्त. @निशाणी, मीडियम उंचीच्या रिंगा घेऊ का हाय?

निशाणी:
बॅरल बसल्यावर मोजून घे ना, काँटूरवर अवलंबून आहे. ऑब्जेक्टिव्ह बॅरलला टेकायला नको आणि बोल्टची मूठ आयपीसला (स्कोपचा मागचा भाग) लागायला नको, एवढं जमवून स्कोप जितका खाली बसेल तितका बरा, गाल स्टॉकवर नीट टेकतो. फक्त काही कंपन्या उंची ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतात, काही खालच्या कडेपर्यंत, ते वाचून ऑर्डर टाक.