मदत हवी आहे: जुन्या इमारतीत गिझरचं अर्थिंग कसं करावं?

लालबागला आमची तिसऱ्या मजल्यावरची जुनी खोली आहे. सासूबाईंसाठी बाथरूममध्ये ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर बसवायचाय. २३० व्होल्टवर तो साधारण १३ अँपिअर खेचणार, म्हणून मेन बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि बाथरूमबाहेर स्विच, एवढं ठरलंय. त्याची काळजी नाही.

खरी अडचण अर्थिंगची. खोलीत अर्थची वायरच आलेली नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, सॉकेटमध्येच न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या वायरला) अर्थ जोडून देतो, सगळीकडे असंच करतात. मला हे अजिबात पटत नाही. न्यूट्रल मध्येच कुठे तुटली, तर गिझरच्या धातूच्या भागांत करंट येईल, आणि खाली ओल्या फरशीवर म्हातारं माणूस! नळाच्या पाइपाला जोडावं, तर आता पाइप प्लास्टिकचे.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) तर लावणारच आहे, पण केवळ त्याच्या भरवशावर राहावं का? तुमच्यापैकी कुणी जुन्या चाळीत खालच्या मीटररूमपासून वरपर्यंत अर्थची वायर आणली आहे का? परवानगी कुणाकडून घेतली, खर्च किती आला? लायसन्सवाला, नीट मोजून काम करणारा माणूस दादर-परळ भागात कसा शोधावा, तेही सांगा. अर्थिंग होईपर्यंत गिझर खोक्यातच राहील.