मदत हवी आहे: नावडता उमेदवार पक्षाच्या गळ्यात पडतोच कसा? (उद्याच हवंय)

वैतागलेला_एमए (रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. राष्ट्रपतीपदाचा उमेदवार पक्षातल्याच निम्म्याहून जास्त मतदारांना नको असतो, तरी तोच कसा ठरतो? माझे आकडे जुळत नाहीयेत. ३२.५ टक्के मतं आणि ५० पैकी ५०? छापताना चुकलंय का? उद्या ११ वाजता वर्गात सादरीकरण आहे, सर आडवे प्रश्न विचारतात. प्लीज लवकर. आणि 'गूगल कर' म्हणू नका, केलंय.

कट्टेकरी (९:२०)
कुठला देश? कुठलं साल? आणि ५० काय? आमदार, खासदार की वडापाव?

जुनाजाणता (९:३१)
याचं उत्तम उदाहरण १९६९. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूरच्या बैठकीत नीलम संजीव रेड्डींचं नाव इंदिराबाईंच्या मनाविरुद्ध पक्कं केलं. बाईंनी त्यांच्या अर्जावर सही केली आणि मग सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हणून सांगितलं. अधिकृत उमेदवार पडला, व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख होते, हे आजच्या पोरांना ठाऊकही नसेल. त्यानंतर काही महिन्यांत काँग्रेस फुटली. हे मांड, सर खूश होतील.

वैतागलेला_एमए (९:३४)
अहो काका, अमेरिका! २०१६! रिपब्लिकन! उघडच आहे ना. ३२.५ टक्के म्हणजे साउथ कॅरोलायना.

खवचट_खार (९:३६)
उघड तुझ्या डोक्यात होतं, धाग्यात नव्हतं. आणि अमेरिकेत असतो तो राष्ट्राध्यक्ष. राष्ट्रपती लिहिल्यावर काका गिरींवर घसरणारच.

अण्णा_गणिते (९:५२)
चूक नाही, आकडा बरोबर आहे. २० फेब्रुवारी २०१६ ची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं राज्यातलं मतदान. ट्रम्प ३२.५, रुबिओ २२.५, क्रूझ २२.३, उरलेलं बुश, केसिक आणि कार्सन यांच्यात वाटलं गेलं. आता त्या राज्याचा नियम बघ. ५० डेलिगेटपैकी (म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) २९ राज्यात पहिला येईल त्याला. उरलेले २१ म्हणजे ७ मतदारसंघांत प्रत्येकी ३, तेही तिथे पहिला येईल त्यालाच. ट्रम्प सातही ठिकाणी पहिले आले. झाले ५०. तीनातल्या दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं, पण ते 'दुसरे' पाचजण होते.

फ्लोरिडातही तेच. ४५.७ टक्के मतं, ९९ पैकी ९९ डेलिगेट. उमेदवारीसाठी २,४७२ पैकी १,२३७ लागत होते. अख्ख्या प्रायमरीत त्यांची मतं सुमारे ४५ टक्के, म्हणजे १ कोटी ४० लाखांच्या आसपास. हे असं सगळ्या राज्यांत नसतं हं, काही ठिकाणी प्रमाणात वाटणी होते. सरांनी विचारलं तर अडकशील म्हणून सांगतोय.

पसंतीक्रम_झिंदाबाद (१०:०१)
म्हणून मी गेली पाच वर्षं ओरडतोय, पसंतीक्रमाने मतदान घ्या! पहिली पसंती, दुसरी पसंती. आमच्या सोसायटीतही हीच बोंब. चौघे उभे राहतात, तिघे शहाणे मतं वाटून घेतात, आणि पाण्याच्या टाकीचा हिशोब न देणारा गडी सेक्रेटरी होतो. पसंतीक्रम असता तर ट्रम्प पडलेच असते.

अण्णा_गणिते (१०:०८)
'पडलेच असते' कशावरून? क्रूझच्या मतदारांची दुसरी पसंती मुकाट रुबिओंकडे गेली असती असं कोण म्हणतं? वर काकांनी जे १९६९ सांगितलं ते पसंतीक्रमानेच झालं होतं. पहिल्या मोजणीत गिरी पुढे, पण निवडून यायला लागणारा मतांचा कोटा पुरा नाही. मग देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या. त्यातल्या बहुतेकांची दुसरी पसंती रेड्डी होते. तरीही गिरीच आले.

जुनाजाणता (१०:१०)
म्हणजे माझं उत्तर अगदीच वाया गेलं नाही तर.

आयोवाची_वहिनी (१०:२७)
मी इथे आयोवा राज्यात मतदार आहे, तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. १ फेब्रुवारी २०१६, डेमोक्रॅटिक कॉकस (म्हणजे एकत्र जमून उमेदवार निवडायची सभा), मुलाच्या शाळेचं कॅन्टीन. सगळ्यांच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीभर पाणी. हिलरीवाले दुधाच्या फ्रिजपाशी, बर्नीवाले खिडकीशी, आणि तिसरे उमेदवार ओमॅली यांच्या कोपऱ्यात आम्ही सातजण. तेव्हा तिथे मतपत्रिका नसायची, उभं राहायचं आणि डोकी मोजायची. जमलेल्यांत गटाचे १५ टक्के नसले तर गट बाद व्हायचा. मग दोन्हीकडचे लोक येऊन ओढायला लागायचे. शेजारची मार्गारेट मला हिलरीकडे बोलवत होती, तिचाच मुलगा बर्नीकडे. घरी बाळ, नवऱ्याचे दोन मेसेज येऊन गेलेले. मी गेले मार्गारेटबरोबर. कागदावर मी पक्की हिलरीवाली! राज्याचा निकाल ४९.८ विरुद्ध ४९.६ लागला.

आणि कोण यायचं अशा कॉकसला? रात्री सात वाजता थंडीत दोन तास काढू शकायचा तोच. रात्रपाळीवाली नर्स यायची नाही. तान्ह्या बाळाची आई यायची, पण घड्याळ बघत.

वैतागलेला_एमए (१०:३१)
वहिनी, भारी आहे पण मला रिपब्लिकन हवंय.

आयोवाची_वहिनी (१०:३३)
पक्ष निराळा असला तरी दुखणं तेच आहे रे. थोडे लोक ठरवतात, बाकीचे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कपाळाला हात लावतात.

न्यूजर्सीकर (१०:४०)
आमची तर कथाच वेगळी. न्यू जर्सीची प्रायमरी ७ जूनला. क्रूझ ३ मेला इंडियाना हरून बाहेर, केसिक ४ मेला. मी ऑफिसातून लवकर निघून, टर्नपाइकच्या ट्रॅफिकमधून मत द्यायला गेलो तेव्हा रिपब्लिकन रिंगणात ट्रम्पशी लढणारं कुणी उरलंच नव्हतं. बाय द वे, एडिसनमध्ये चांगली पुरणपोळी कुठे मिळते? आधीचं दुकान बंद झालं.

खवचट_खार (१०:४२)
आला पुरणपोळीवर.

जुनाजाणता (१०:५५)
माझं स्पष्ट मत: जुनी पद्धत बरी होती. पक्षाचे चार मुरलेले पुढारी हॉटेलच्या खोलीत बसून माणूस पारखायचे. जनतेच्या हाती दिलं की असंच होणार.

अण्णा_गणिते (११:०९)
काका, त्या खोल्यांनी काय दिवे लावले ते ऐका. १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षात रूझवेल्टनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या, पुढाऱ्यांनी उमेदवारी टाफ्टना दिली. विद्यमान अध्यक्ष असूनही टाफ्ट मुख्य निवडणुकीत तिसरे आले, ८ इलेक्टोरल मतं (राज्यवार मोजली जाणारी अंतिम मतं). १९२४ ला डेमोक्रॅट न्यूयॉर्कमध्ये दोन आठवडे बसले, १०३ फेऱ्या झाल्या, कारण दोन तृतीयांश मतं लागायची. निघाले जॉन डेव्हिस, नोव्हेंबरमध्ये साफ झोपले. १९६८ ला हम्फ्रींनी एकही प्रायमरी लढवली नाही तरी उमेदवार. शिकागोत अधिवेशनाबाहेर पोलिसांच्या लाठ्या.

त्यानंतर नियम बदलून प्रायमरीला वजन दिलं, तर १९७२ ला मॅकगव्हर्न ४९ राज्यं हरले. मग पुढाऱ्यांचा हात परत आत यावा म्हणून सुपरडेलिगेट आणले, म्हणजे प्रायमरीने न बांधलेले पुढारी प्रतिनिधी. १९८४ ला पहिल्यांदा बसले, मॉन्डेल उमेदवार झाले, तेही ४९ राज्यं हरले!

जुनाजाणता (११:१४)
मॉन्डेल समोर रेगन होते म्हणून हरले. पद्धतीचा काय दोष?

अण्णा_गणिते (११:१६)
मग मॅकगव्हर्नसमोरही निक्सन होते.

कट्टेकरी (११:२२)
तुमचं चालू द्या. एमए, एक गोष्ट वेगळी काढून लिही: 'नावडता' कुणाला? पक्षाला की देशाला? हिलरींना प्रायमरीत सुमारे ५५ टक्के मतं होती, म्हणजे पक्षाने बहुमताने निवडल्या. तरी गॅलपच्या शेवटच्या पाहणीत ५२ टक्के लोकांचं त्यांच्याबद्दल मत वाईट, ट्रम्पबद्दल ६१ टक्क्यांचं. तिथे मतविभागणीचं कारण चालत नाही. दोघांची प्रायमरीतली मतं मिळून ३ कोटी ९ लाखांच्या घरात, आणि देश ३२ कोटींच्या वर. दहातला एकसुद्धा नाही. रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर, १९६४, यांचंही तसंच. त्यांचे कार्यकर्ते त्यांच्यासाठी जीव टाकायचे, आणि देशाने सहा राज्यं दिली.

वैतागलेला_एमए (११:४८)
हे सगळं ८ स्लाइडमध्ये कसं बसवू? आणि माझ्या पीपीटीत सगळे रफार उडतायत.

खवचट_खार (११:५०)
फॉन्ट युनिकोड घे. स्लाइड चार कर.

वैतागलेला_एमए (दुसऱ्या दिवशी, दुपारी २:४०)
झालं एकदाचं. साउथ कॅरोलायनाचा तक्ता दाखवला तेव्हा वर्ग गप्प झाला. पण सरांनी एकच विचारलं: बाकीच्यांना गणित येत नव्हतं का? ते बाजूला का नाही झाले? मी उभाच.

अण्णा_गणिते (२:५८)
बुश साउथ कॅरोलायनाच्या निकालाच्या रात्रीच बाहेर पडले. उरलेल्या प्रत्येकाला गणित येत होतं, पण उत्तर एकच निघायचं: दुसऱ्याने आधी बाजूला व्हावं. रुबिओ म्हणत माझं फ्लोरिडा येऊ दे, केसिक म्हणत माझं ओहायो येऊ दे. १५ मार्चला रुबिओ स्वतःच्याच राज्यात २७ टक्क्यांवर आटोपले आणि थांबले. केसिकनी ओहायोचे ६६ डेलिगेट घेतले आणि त्या जोरावर आणखी सात आठवडे मतं खात राहिले. मधे १ मार्चला ट्रम्प ११ पैकी ७ राज्यं घेऊन गेले होते.

वैतागलेला_एमए (३:०१)
अण्णा, हे काल रात्री सांगायला काय झालं होतं?

अण्णा_गणिते (३:०४)
काल तू विचारलं नव्हतंस.

न्यूजर्सीकर (३:१०)
पुरणपोळीचं कुणी सांगितलंच नाही.