नागपूरचे ४४ की मुंबईचे ३४ : जास्त छळतं कोण?

घामाघूम

दर मे महिन्यात वाहिन्यांवर नागपूर, अकोला, चंद्रपूरचे आकडे लाल अक्षरांत झळकतात आणि मुंबईचे ३४ खालच्या पट्टीतून मुकाट सरकून जातात. माझं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात मुंबईचे ३४ नागपूरच्या ४४पेक्षा जास्त छळतात. मी मूळचा नागपूरचा, नोकरीमुळे मुंबईकर झालेला. दोन्हीकडचं ऊन खाल्लंय, तेव्हा पक्षपाताचा आरोप करायचा तर दोन्ही बाजूंनी करा.

शरीर गार राहतं ते घाम उडून गेल्यामुळे. नुसता घाम येऊन भागत नाही. मेमध्ये मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, कपाळावरून थेट कॉलरमध्ये उतरतो. नागपुरात दुपारची आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. घाम आला कधी नि गेला कधी, पत्ता लागत नाही. अमेरिकेचं हवामान खातं तापमान आणि आर्द्रता एकत्र करून 'अंगाला किती वाटतं' ते काढतं. त्या सूत्रात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता घातली की उत्तर येतं साधारण ४४. आणि ४४ अंशांना १५ टक्के घातले की येतं ४३! दहा अंशांचा जो तोरा आमचे नागपूरवाले मिरवतात तो तिथेच संपला.

वर नागपूरकरांकडे कूलर आहे. पंखा, पाणी आणि वाळ्याच्या ताट्या, एवढ्यात खोली गार. मुंबईत कूलर लावून बघा, तासाभरात भिंतींना पाझर फुटेल. इथे एसी नाही तर काहीच नाही.

सोनेगावकर

भाऊ, मूळचे नागपूरचे असाल, पण अख्खा मे इथं काढल्याला किती वर्षं झाली? नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी दोन वाजता आमच्या सीताबर्डीच्या बाजारात या आणि उभ्या उभ्या ते सूत्र सोडवून दाखवा.

ते सूत्र सावलीतलं आहे, तेही मंद वाऱ्यातलं. आमच्याकडे वारा मंद नसते, भाजून काढते. कातडीचं तापमान ३५च्या आसपास असतं. हवा त्याहून गार असली तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. ४४ची हवा उलट अंगात उष्णता भरते. म्हणून तर आम्ही दुपट्ट्यानं तोंड-कान बांधून फिरतो. मुंबईत वारा सुटला की तुम्ही शर्टाची वरची बटणं सोडता.

घाम वाळतो ते खरं, पण तीच तर गोची आहे. किती पाणी गेलं ते कळतच नाही. मुंबईचा माणूस चिकचिक झाली की बाटली उघडतो. आमचा माणूस कोरडाच्या कोरडा फिरत राहतो आणि संध्याकाळी ऊन लागून आडवा होतो.

घामाघूम

@सोनेगावकर, उन्हात फिरणाऱ्याचं मान्य. पण घरात बसलेल्याचं काय? रात्रीचं काय? मुंबईत पहाटे चारलाही उशी ओली असते.

सोनेगावकर

रात्रीचं बोलू नका राजेहो. मेमध्ये नागपूरचं सरासरी किमान तापमानही २८च्या घरात आहे, मुंबईचं २७. 'वाळवंटासारखी रात्र गार होते' हे कुठल्या तरी पुस्तकातलं. इथे दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत असते. लोक संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारतात ते काही हौस म्हणून नाही. आणि कूलरला पाणी लागते हो! उन्हाळ्यात जिथं नळाला दिवसाआड पाणी, तिथं कूलरची टाकी कशानं भरायची?

वैनगंगाकाठ

दोघंही शहरातलेच बोलता आहात. मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. बाया उजाडायच्या आत जंगलात जातात, उन्हं चढायच्या आत परततात, दुपारभर घरात सावलीला बसून पानांचे पुडके बांधतात, आणि ऊन उतरल्यावर संकलन केंद्रावर नेऊन देतात. ४४ अंश मान्य करून सगळा दिवस त्याभोवती बेतलेला असतो. बाजार सकाळी, मग सामसूम, मग पुन्हा संध्याकाळी. तुमची मुंबई ३४ असो की ३९, नऊ बावन्नची लोकल नऊ बावन्नलाच पकडणार. त्या डब्यातल्या गर्दीची उष्णता कुठल्या खात्याच्या आकड्यात येते?

म्हणून घामाघूमदादा, मुंबई जास्त छळते हे मला पटतं, पण तुम्ही दिलेल्या कारणासाठी नाही. तिथे उन्हाळ्यासाठी कोणी दिनक्रम बदलत नाही, हे खरं कारण.

मात्र सगळ्यांनाच दिवस असा बेतता येत नाही. वीटभट्टीवरच्या माणसाला दुपारची सुटी कोण देतं? त्याला जाऊन विचारा ४४ बरे की ३४.

पेठकर

आम्ही पुण्यात शांतपणे वाचतोय. ५६० मीटर उंची, संध्याकाळी झुळूक, मेच्या मध्यावर वळवाच्या सरी. चालू द्या.

सोनेगावकर

काका, ती झुळूक तुमच्या आजोबांच्या वेळची. एप्रिलमध्ये लोहगाव आणि शिवाजीनगर चाळिशी पार करतात तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र उलटं धरता का?

पेठकर

चाळिशी पार करतात, पण रात्री पांघरूण लागतं. विषय संपला.

(नाही लागत. मी कोथरूडला राहतो. पंखा पाचवर. – एक वाचक)

खारा वारा

आपल्या हवामान खात्याचा निकष कोणीच कसा काढला नाही? उष्णतेच्या लाटेचा विचार करायला मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० लागतं, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३०. शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर हवं. म्हणजे किनाऱ्यावरचे ३७ आणि मैदानी भागातले ४० यांना खातं एकाच तराजूत तोलतं. धागाकर्त्याचं म्हणणं सरकारदरबारी अर्धं तरी मान्य आहे!

मुंबईच्या उन्हाळ्याची किल्ली मे नव्हेच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेत ना, तेच इथे चालतं. एरवी दुपारच्या आत समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पारा ३३-३४ला अडतो. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडचा, जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा उशिरा येतो, आणि सांताक्रूझ एका दिवसात ३९-४०ला पोचतं. मुंबईत खरा धोका या दिवसांचा, कारण घरं, शाळा, माणसं, कोणीच त्याला तयार नसतं. १६ एप्रिल २०२३चं खारघर आठवा. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला भर उन्हात उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेली लाखोंची गर्दी, त्यातले १४ जण उष्माघाताने गेले. पाऱ्याने तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

सोनेगावकर

@खारा वारा, निकष वेगळे आहेत ते सवयीमुळे. जिथं जे रोजचं, त्याच्यापेक्षा किती जास्त हे खातं बघते. त्यातून ३७ जास्त छळतात हे सिद्ध होत नाही. ३७ची तुम्हाला सवय नाही एवढंच होते. आणि त्याच निकषात ४५च्या वर गेलं की सरासरी न बघता लाट, ४७च्या वर तीव्र लाट, हेही आहे. ते कलम कोणासाठी ठेवलंय? मुंबईसाठी?

करोलबागेतला मराठी

दिल्लीहून. तुम्ही दोघं एकेका प्रकाराची तक्रार करताय, आम्हाला हप्त्याहप्त्याने दोन्ही मिळतात. मे-जूनमध्ये राजस्थानकडून येणारी लू, म्हणजे विदर्भ. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस पडो न पडो, हवा दमट, म्हणजे मुंबई. स्वतःवर दोन्ही प्रयोग झाल्यावर माझं मत धागाकर्त्याकडे झुकतं. जूनचे ४४ मी कूलरवर काढतो, ऑगस्टचे ३५ काढता येत नाहीत. त्या महिन्यात कूलर म्हणजे नुसता आवाज.

पण तुम्ही उन्हाळ्यावरच अडलात. वर्षाचा हिशेब करा की! जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा, घरात फरशी बर्फासारखी आणि हीटरचं बिल. राजस्थानातलं चुरू उन्हाळ्यात पन्नाशी गाठतं आणि हिवाळ्यात शून्याखाली जातं. तिथल्या माणसाने हा धागा वाचला तर हसेल.

वेंगुर्ल्याची माय

वर्षाचा हिशेब काढलात ते बरं केलंत. कोकणात हिवाळा म्हणजे सकाळी थोडा वेळ. पण जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, पापडाला बुरशी, चपलेला बुरशी, दाराची लाकडं फुगून दारं लागत नाहीत. आमच्या आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नागपुरात त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतका. हा त्रास थर्मामीटरवर दिसत नाही म्हणून मोजायचाच नाही का? उन्हाळ्यात मात्र मी घामाघूमच्या बाजूने. मे महिन्यात आंबे आहेत म्हणून माणूस कोकणात टिकतो, नाहीतर टिकला नसता.

घामाघूम

@वेंगुर्ल्याची माय, मुंबईत ऑक्टोबरही जोडा. पाऊस थांबतो, वारा पडतो आणि पारा पुन्हा ३४-३५. वर्षाला दोन उन्हाळे. नागपूरला ऑक्टोबरच्या शेवटाला पहाटे गारवा सुरू होतो, डिसेंबरात स्वेटर निघतात, अधूनमधून पारा दहाच्या खालीही जातो. तिन्ही ऋतू रीतसर येतात हो तिथे! सोनेगावकर, तुमच्याच गावाची बाजू घेतोय मी, तरी तुम्ही भांडताय.

सोनेगावकर

बाजू घेताय की आमचा उन्हाळा हलका करून राहिले? हिवाळा फर्स्ट क्लास, त्यावर वादच नाही. पण ते चार महिने बघून लोक म्हणतात नागपूर छान, आणि मार्च संपता संपता पळून जातात.

अरगडे_वाई

एक बारीक काडी टाकून जातो. 'मुंबई', 'नागपूर' असं एकच हवामान असतं हे कोणी सांगितलं? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३-७४. आमच्याकडे तर महाबळेश्वरचं धो धो पाणी पाचगणीपर्यंत निम्म्याहून खाली येतं आणि वाईत उतरेपर्यंत छत्री घडी करायची वेळ होते. घामाघूम, तुम्ही सांताक्रूझचे ३४ सोसता की कुलाब्याचे, ते आधी जाहीर करा.

घामाघूम

डोंबिवलीचे. समुद्र दूर, खारा वारा पोचेपर्यंत दमलेला.

सोनेगावकर

मग मुंबई कशाला म्हणता राव!

नवी_सदस्य

मध्येच विचारते. माझी बदली ठाण्याहून नागपूरला होते आहे, सोबत सत्तरी पार केलेल्या सासूबाई, त्यांना रक्तदाब आहे. एप्रिलमध्ये हजर व्हायचं की जूनअखेरपर्यंत मुदत मागायची?

वैनगंगाकाठ

मुदत मागा ताई. मिळाली नाही तर तुम्ही एकट्या आधी जा, सासूबाईंना पहिला पाऊस झाल्यावर आणा. घर वरच्या मजल्याचं घेऊ नका, त्याच्या डोक्यावर उघडी स्लॅब असते. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा. त्यांतल्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, इथल्या उन्हाळ्यात ते जपावं लागतं.

घामाघूम

मी उलट सांगेन. मार्चच्या सुरुवातीलाच जमलं तर जा, ऊन चढत जाईल तशी अंगाला सवय होते. जूनअखेरीस जाल तर तिथेही दमट हवा, कूलर निरुपयोगी, म्हणजे ठाणंच.

सोनेगावकर

सत्तरीच्या बाईला सवय लावायला एप्रिल-मे दाखवायचा? ताई, यांचं ऐकू नका. जूनअखेर या. जुलैत कूलर चालत नाही हे खरं, पण तेव्हा पारा ३२ असतो, पंख्यावर भागते.